एकहाती वापरलेला आत्मा

आत्मा नावाची वस्तू कोणी रोखीनं घेणार असेल, तर आपण ती दुकानाचं शटर वर करायच्या आत विकून मोकळे होऊ, असं नंबरकाका गेली वीस वर्षं सांगत आले होते. सांगत म्हणजे ऐकवत. गिऱ्हाईक चाचणीची जड फ्रेम नाकावर चढवून, एक डोळा झाकून, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं शोधत बसलं, की त्याला उठून जाता येत नाही. ही सोय ज्याच्या हाती आहे त्यानं दुसरीकडे श्रोते कशाला शोधावेत?

चष्म्याचं दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. गल्लीतल्या निम्म्या नाकांवर या दुकानाचा चष्मा होता, आणि प्रत्येकाला काकांनी कधी ना कधी नंबर काढून दिला होता, म्हणून ते नंबरकाका. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं. देवाचा विषय निघाला की "असेल बापडा, आपल्याकडे कधी चष्म्याला आला नाही," एवढं बोलून ते पुढच्या कामाला लागत. राग होता तो आत्म्यावर. देव निदान दूर कुठेतरी राहतो असं लोक म्हणतात. हा गृहस्थ आपल्याच अंगात बिनभाड्यानं राहतो आणि जन्मभर एकदाही तोंड दाखवत नाही, याचा त्यांना घरमालकासारखा संताप येई.

"पाव नंबरचा फरक मला कळतो," ते म्हणत. "माणसात आत्मा असता तर मला दिसला असता. जे दिसत नाही ते नाही."

त्यांना स्वतःला जवळचं दिसत नसे, हा भाग निराळा. चष्मेवाल्यानंच चष्मा लावला तर गिऱ्हाईकाचा विश्वास उडतो, असं त्यांचं मत होतं. फ्रेमचे बारीक स्क्रू ते बोटांच्या सवयीनं बसवत. पेपर हात लांब करून वाचत, आणि हात पुरेनासे झाले तेव्हा पेपरात वाचण्यासारखं काही राहिलं नाही असं जाहीर करून त्यांनी तो बंद केला.

काकूंनी हे आत्म्याचं व्याख्यान माहेरी ऐकलं होतं, सासरी ऐकलं होतं, लोकांच्या लग्नात ऐकलं होतं. एकदा त्यांची मावशी आजारी होती म्हणून दोघं भेटायला गेली. मावशी पलंगावर पडल्या पडल्या म्हणाल्या, "आत्मा नुसता कासावीस होतो गं." काकांनी त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं की तो आत्मा नव्हे, गॅस आहे. मावशी बऱ्या झाल्या. काकूंशी मात्र त्या अजून बोलत नाहीत.

काकूंचा धाकटा भाऊ, म्हणजे काकांचा मेहुणा, शेजारच्याच गाळ्यात वापरलेल्या वस्तूंचा धंदा करायचा. कपाटं, पंखे, शिवणयंत्रं, एका पायानं अधू झालेल्या खुर्च्या. 'भंगार' म्हटलेलं त्याला खपत नसे. 'जुना माल' म्हटलेलंही नाही. तो 'अनुभवी माल' म्हणायचा. जगात टाकाऊ असं काही नसतं, फक्त गिऱ्हाईक अजून आलेलं नसतं, या एका श्रद्धेवर त्याचं घर चालत होतं.

त्या दुपारी तो नेहमीप्रमाणे चहाला काकांच्या दुकानात आला. काका खुशीत होते. आदल्या आठवड्यात शर्टाबरोबर धुतली गेलेली पाचशेची एक नोट त्यांनी फ्रेम वाकवायच्या हीटरवर धरून वाळवली होती, आणि माणसानं डोकं वापरलं तर नुकसान कसं टळतं हे ते मेहुण्याला तिसऱ्यांदा सांगत होते. तिथून गाडी माणसाच्या बुद्धीवर आली, बुद्धीवरून आत्म्यावर, आणि आत्म्यावरून ठरल्याप्रमाणे विक्रीवर.

"बोलायला काय जातंय, दाजी," मेहुणा बशीत फुंकर मारत म्हणाला. "खरं गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की न मानणाऱ्याचाही हात मागे येतो. मी पाहिलंय."

"कुठे पाहिलंस?"

"आता पाहणार आहे."

असं म्हणून त्यानं खिशातून पाचशेची नोट काढली आणि काउंटरच्या काचेवर ठेवली.

दुकानात तेव्हा आणखी दोन-तीन माणसं होती. त्यांनी चहा थांबवला. काकांना कारण नसताना घसा खाकरावासा वाटला आणि त्यांनी तो खाकरला. वीस वर्षं आपण दार ठोठावत होतो आणि आज कोणीतरी आतून कडी काढली, असं काहीसं त्यांना झालं. पण मागे फिरायची सोय नव्हती. मेहुण्यासमोर माघार घेतलेला नवरा पुढं घरात कसा वागवला जातो, हे त्यांनी इतरांच्या घरी पाहिलं होतं.

"दिला," काका म्हणाले.

मेहुण्याला मात्र घाई नव्हती. धंद्याच्या रिवाजाप्रमाणे त्यानं चौकशी केली. माल चालू स्थितीत आहे ना? कधी उघडून दुरुस्त केलाय का? एकहातीच वापरलाय ना? कुठे गहाण वगैरे नाही ना?

"आणि ताईचा काही हक्क?"

"तिचा काय संबंध?" काका म्हणाले. "माल माझा आहे."

हातावर हात पडला. मेहुण्यानं उरलेला चहा संपवला आणि जाता जाता सांगितलं, की त्याच्या गोडाउनात कालच दोन कपाटं आणि एक झोपाळा आलाय, ठेवायला जागा नाही, तेव्हा माल सध्या दाजींकडेच असू दे. "फक्त जपून वापरा. आता तो आपला नाही, लोकांना दाखवायचा आहे."

काकांनी नोट काउंटरच्या काचेखाली सरकवली, ठळक दिसेल अशी. येणाऱ्या प्रत्येकाला ते ती दाखवत. "आत्म्याचे आले. काय कमी झालं माझ्यात? वजन करून बघा हवं तर."

काय कमी झालं ते घरी कळलं. संध्याकाळचा चहा पिऊन काकांनी सवयीनं डोळे मिटले आणि म्हणाले, "वा. आत्मा तृप्त झाला."

"भावाला कळवते," काकू म्हणाल्या.

आत्मा मानायचा नाही हे काकांना सोपं होतं. तो बोलण्यातून काढणं सोपं नव्हतं. वीस वर्षं ज्याला नाही म्हटलं तो आपल्या भाषेत इतक्या ठिकाणी बिऱ्हाड करून बसलाय, याची त्यांना कल्पना नव्हती. कशाला आत्मविश्वास म्हणावं तर काकू मान वर न करता विचारत, कुणाचा? आत्मसन्मान दुखावला म्हणावं तर त्या म्हणत, त्याला काय ते बघून घेऊ दे, तुम्ही भाजी चिरा. एकदा काकांनी आपल्याच कामाची दोन शब्दांत वाखाणणी केली, तर मेहुणा म्हणाला, "दाजी, ही आत्मस्तुती झाली. आत्मा माझा, म्हणजे स्तुती माझी झाली. आभारी आहे." त्यानंतर काका फक्त हवामानावर बोलू लागले.

इथवर सगळं घरातलं होतं. पण मेहुण्याच्या दुकानाबाहेर एक फळा असायचा, त्यावर रोज आलेला माल खडूनं लिहिलेला असे. एका सकाळी लोकांनी वाचलं: लाकडी कपाट, दोन. टेबलपंखा, एक. आत्मा, एक. एकहाती, किरकोळ वापर. पाहण्यासाठी शेजारच्या चष्म्याच्या दुकानात भेटावे.

आणि लोक भेटायला लागले.

पहिल्या दिवशी काकांना मजा वाटली. कोणी विचारायचं, किती जुना आहे. कोणी विचारायचं, आवाज करतो का. एका बाईंनी फिकट रंगात मिळेल का असं विचारलं. एक निवृत्त मास्तर आले, काकांना आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "किरकोळ वापर लिहिलंय ते खरं दिसतं," आणि निघून गेले. काकांना तो अपमान वाटावा की नाही हे ठरवता येईना. अपमान वाटून घ्यायचं जे काही साधन असतं ते आता मेहुण्याच्या मालकीचं होतं.

पुढच्या आठवड्यात मजा ओसरली. पाहायला माणसं येत, चष्म्याला येईनात. एक म्हातारी आजी, जिचा नंबर तिच्या लग्नापासून आधी काकांचे वडील आणि मग काका काढत आले होते, ती दारातच थांबली. आत ये म्हटलं तर म्हणाली, "नको बाबा. तू डोळ्यात डोळे घालून बघतोस. मलाही तुझ्या डोळ्यात बघावं लागतं. आत कोणी नाही म्हणतात." आणि तिनं रस्ता ओलांडला.

रस्त्यापलीकडे नवं दुकान झालं होतं. चारी बाजूंनी आरसे, थंडगार हवा, बसायला मऊ खुर्च्या. त्याच्या मालकाला काका नुसतं 'समोरचा' म्हणत. समोरचा तरुण होता, नम्र होता आणि फार हसरा होता, म्हणजे काकांच्या लेखी तिन्ही बाजूंनी वाईट. तो एके दिवशी मेहुण्याकडे आला आणि फळ्यावरच्या मालाची किंमत विचारून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला आणि म्हणाला, पंचवीस हजार देतो.

हे मेहुण्यानं काकांना येऊन सांगितलं तेव्हा काका आधी हसले. पंचवीस हजार, हवेला! समोरच्याची अक्कल तेवढीच, असं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, करणार काय तो घेऊन?

"बोर्ड लावणार," मेहुणा म्हणाला. "मजकूरही ठरलाय त्याचा. 'समोरच्या जुन्या दुकानाचा आत्मा, आता आमच्याकडे.'"

काकांचं हसू तोंडातच राहिलं. ते वाक्य त्यांनी मनात वाचून पाहिलं, आणि ते खोटं आहे असं म्हणायला त्यांना जागा सापडेना. माल रीतसर विकला होता. वडिलांनी एका टेबलावर सुरू केलेलं दुकान, त्यांनी स्वतः भिंगं घासून घासून वाढवलेलं, आणि त्याच्या नावानं रस्त्यापलीकडे दिवे लागणार. तो बोर्ड एकदा चढला की इकडे फक्त काउंटर आणि काका उरणार होते.

"परवा दुपारी पैसे घेऊन येतोय," मेहुणा म्हणाला. "तुम्हाला ठेवायचा असेल तर घरचं गिऱ्हाईक म्हणून पाचशेला देतो. फायदा नको मला. फक्त चार लोकांत सांगा की परत हवाय."

त्या संध्याकाळी काकांना जेवण गेलं नाही. काकू म्हणाल्या, द्या ना पाचशे आणि संपवा.

"परत घेतला तर आत्मा आहे असं होतं," काका म्हणाले.

"मग जाऊ दे समोर."

"नाहीच तो समोर कसा जाईल?"

"मग जेवा."

काका जेवले नाहीत. भाताकडे बघत बसले. वीस वर्षांचा शब्द एकीकडे आणि वडिलांचं दुकान दुसरीकडे, आणि मधे पाचशेची एक नोट. मग ताटावरच त्यांना ती युक्ती सुचली, आणि ती इतकी पक्की होती की त्यांनी दोन वेळा भात मागून घेतला.

ठरल्या दिवशी दुपारी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. समोरचा पाकीट घेऊन आला होता. मास्तर आले होते. रस्ता ओलांडून गेलेली आजी रस्ता ओलांडून परत आली होती. काकू काउंटरच्या टोकाला, हातात पिशवी घेऊन, भाजी आणायला जाताना सहज थांबल्यासारख्या उभ्या होत्या.

"शेवटचं विचारतो, दाजी," मेहुणा म्हणाला. "परत हवाय का?"

"छे," काका म्हणाले. "खुशाल वीक. फक्त त्याआधी माझं भाडं टाक."

"कसलं भाडं?"

काका या क्षणासाठी भात खाऊन तयार होते. त्यांनी शांतपणे समजावलं, की मेहुण्याचा माल इतके दिवस त्यांच्याकडे ठेवलेला आहे. गोडाउनाचं काम त्यांनी केलं. त्याचं रोजचं भाडं होतं, आणि ते थकलं आहे. थकलेल्या भाड्यापोटी माल अडकवून ठेवायचा मालकाला हक्क असतो, हे मेहुणा स्वतःच सगळ्या गल्लीला सांगत असतो. तेव्हा माल जप्त. विकत घेतला नाही, मागितला नाही, जप्त केला. समोरच्यानं पाकीट घेऊन घरी जावं.

लोकांनी माना डोलावल्या. मास्तर "बिनतोड" असं पुटपुटले. समोरचाही कौतुकानं हसला. काकांनी जन्मात प्रथमच त्याच्याकडे बघून स्मित केलं.

मेहुण्यानं डोकं खाजवलं. "बरोबर आहे तुमचं, दाजी. भाडं व्हायलाच हवं. पण भाडं जागेवर असतं. एखादी वस्तू जागा अडवते, म्हणून भाडं. कपाटाचं जास्त, खुर्चीचं कमी. हा किती जागा अडवतो?"

काकांनी सवयीनं काउंटरवरची मोजपट्टी उचलली आणि परत ठेवली.

"म्हणजे काहीच जागा अडवत नसेल तर भाडं नाही," मेहुणा अगदी हळू, प्रेमानं म्हणाला. "भाडं नाही तर जप्ती नाही. मग मी यांना देऊन टाकतो. आणि अडवत असेल, तर तुमचं भाडं थकलं, माल तुमचा. तुम्ही सांगाल ते. नंबरकाकांच्या मापावर माझा विश्वास आहे."

समोरच्यानं पाकिटातून नोटांची कड बाहेर काढली. आजीनं पुढं वाकून काकांच्या डोळ्यांत बघितलं, कोणी आहे का ते पाहायला.

काकांनी वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. त्यांच्या नाकावर पहिल्या बनावटीचा गोल चष्मा होता आणि ते नेहमीसारखेच बघत होते.

"अडवतो," काका म्हणाले.

"काय म्हणालात? मागं ऐकू आलं नाही."

"अडवतो जागा! थोडी." त्यांनी दोन बोटांत एका भिंगाएवढं अंतर धरून दाखवलं. "इतकी."

मास्तरांनी टाळी वाजवली. आजी खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली, आता काढ नंबर. समोरच्यानं पाकीट मिटलं आणि बोर्डाचा खर्च वाचला असं म्हणून तो मनापासून हसत निघून गेला. मेहुण्यानं बाहेर जाऊन फळ्यावरची ओळ ओल्या फडक्यानं पुसली. गल्लीत बातमी अशी पसरली की नंबरकाकांना आत्मा सापडला, भिंगाएवढा आहे.

गर्दी पांगल्यावर काका काउंटरमागे बसले. वीस वर्षांचं तत्त्व गेलं होतं, पण दुकान राहिलं होतं, आत्मा परत आला होता आणि शिवाय पाचशे वरती. हिशेब अगदीच वाईट नव्हता. त्यांनी काचेखालची नोट बाहेर काढली आणि जरा ऐटीत काकूंपुढं धरली. "ही घे. तुझ्या भावाची."

काकूंनी ती घेतली नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली, काकांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं आणि चाचणीची जड फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली. इतकी वर्षं दुकानात येता-जाता पाहून पाहून त्यांना सगळं येत होतं. त्यांनी एक भिंग टाकलं, काढलं, दुसरं टाकलं.

"हे का हे?"

"हे," काका नाइलाजानं म्हणाले.

"आता बघा नोटेकडे. काय दिसतंय?"

काकांनी पाहिलं. खूप दिवसांनी जवळच्या वस्तूला कडा होत्या. नोटेलाही होत्या, तीन बाजूंनी सरळ. चौथ्या बाजूचा कोपरा तपकिरी होता. करपलेला. हीटरवर जरा जास्त वेळ धरली की होतो तसा.

"ही तर माझी नोट," काका म्हणाले.

"तुमची होती. वाळवलीत आणि पुन्हा शर्टाच्या खिशात घातलीत. शर्ट पुन्हा धुवायला आला." घरातला नियम जुना होता आणि काकांनीच केलेला होता. धुवायच्या कपड्यांत जे सापडेल ते धुणाऱ्याचं. "मी भावाला दिली. म्हटलं, माझ्यातर्फे घेऊन टाक."

काका फ्रेममधून बघत राहिले. भिंगांमुळे त्यांचे डोळे दुप्पट मोठे दिसत होते आणि त्यामुळे धक्काही दुप्पट दिसत होता. महिनाभर ते ती नोट येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. सगळ्यांनी पाहिली होती.

"म्हणजे आत्मा विकत घेतला तो..."

"मी. तीस वर्षं वापरतेच आहे. म्हटलं एकदा रीतसर करून घ्यावं."

"असेना," काका सावरून म्हणाले. "भाडं थकलं, मी जप्त केलाय. चार लोकांसमोर."

"भाडं भावाचं थकलं असेल. माझं कुठे थकलंय?" काकूंनी पिशवी उचलली. "दोन वेळचा चहा, दोन वेळचं जेवण. त्या दिवशी तर दोनदा भात जास्त घेतलात. आगाऊ भाडं जमा आहे माझं."

काकांच्या कारकिर्दीत इतका बिनचूक युक्तिवाद त्यांनी फक्त स्वतःच्या तोंडून ऐकला होता. शेवटी त्यांनी विचारलं, की निदान चार लोकांत कबूल करायला लागू नये म्हणून आधी सांगता आलं नसतं का?

"मावशींना मघाशी फोन केला," काकू दारातून म्हणाल्या. "म्हटलं, आहे. त्यांनी स्वतः मोजून दाखवलाय. त्या बोलल्या माझ्याशी."

दुसऱ्या दिवसापासून नंबरकाकांनी चष्मा लावला. आत्म्याचा विषय बंद झाला. गिऱ्हाईक आता मोकळेपणानं एक डोळा झाकून बसू लागलं. सकाळी काकूंनी चहा समोर ठेवला, काकांनी तो पिऊन डोळे मिटले, आणि जुनी सवय एका दिवसात जात नाही, त्यामुळे त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा. आत्मा तृप्त झाला."

"झाला का?" काकू आतून म्हणाल्या. "मला तर साखर कमी वाटली."